एक गाडी, दोन लिफ्ट

मी भांडकुदळ आहे असं आमच्या घरात सगळे म्हणतात, आणि ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण मी भांडते ती कागद हातात घेऊन. कागद नसताना मी कोणाला अरे-कारे केलेलं नाही. त्या दिवशीसुद्धा माझ्याकडे अख्खी फाइल होती, फाइलच्या जोडीला एक पिशवी होती, आणि तरी पाऊण तासात माझं डोकं असं गरगरायला लागलं की मी नेमकी कोणाच्या बाजूनं भांडतेय हेच मला कळेना.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुमचंही तेच होईल.

माझं काम घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त घेण्याचं. सकाळी सहाला निघायचं, बारा-पंधरा घरं करायची आणि नळ्या थंड पेटीत घालून दहाच्या आत लॅबमध्ये पोचवायच्या. एकही नळी नाव-वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. ती सवय इतकी हाडीमाशी खिळलीय की घरातल्या डब्यांनाही चिठ्ठ्या आहेत, आणि आमचे हे म्हणतात की एक दिवस त्यांच्या कपाळालाही लावीन. या कामासाठीच अडीच वर्षांपूर्वी नवी गाडी घेतली, आपोआप गिअर बदलणारी, कारण माझा डावा गुडघा कुरकुरतो. गाडीला तीन वर्षांची वॉरंटी होती.

आता माझा सख्खा मोठा भाऊ मेकॅनिक. दादाचं गॅरेज म्हणजे रद्दीच्या गोदामाला लागून असलेली, दोन गाड्या दाटीवाटीनं मावतील एवढी पत्र्याची शेड. चाळीस वर्षं तो तिथेच आहे. कोपऱ्यावर गाडी वळली की आवाजावरून सांगतो, कोण आलंय आणि काय दुखतंय. असा भाऊ असताना गाडी परक्याच्या हातात का द्यायची, हा माझा साधा प्रश्न होता.

पण या साध्या प्रश्नाला जितकी तोंडं तितकी उत्तरं मिळाली. गाडी विकणारा गोड हसून म्हणाला, तुमची मर्जी. शेजारच्यांनी सांगितलं, बाहेरच्या माणसानं बॉनेट उघडलं की वॉरंटी गेली. यांनी त्यावर कडी केली, की गाडीत एक चिप असते आणि ती कंपनीला चहाडी करते. लेकीनं मोबाइलवर वाचून सांगितलं की असं काही नसतं. कंपनीला फोन केला तर सोमवारी एक जण हो म्हणाला आणि मंगळवारी दुसरा नाही म्हणाला. शेवटी मी गाडीचं पुस्तक घेतलं आणि चौतिसावं पान तीनदा वाचलं. तिथे सरळ लिहिलं होतं. सर्व्हिसिंग कुठेही करा, पण ठरलेल्या वेळी करा, सांगितलेलंच ऑइल आणि फिल्टर वापरा, बिलं जपून ठेवा. शेवटी एक ओळ होती, की बाहेरच्या मेकॅनिकच्या चुकीनं काही बिघडलं तर ते मात्र आम्ही भरून देणार नाही. त्या ओळीकडे मी बघितलंही नाही. दादाच्या हातून चूक होण्याचा प्रश्नच नव्हता.

दादा आधी नको म्हणाला. म्हणाला, तीन वर्षं जाऊ दे तिकडेच, नंतर बघू. मला वाटलं भिडस्तपणा करतोय. मी इतकं टुमणं लावलं की तो कंटाळून हो म्हणाला, पण एका अटीवर. गाडी सकाळी सोडायची, संध्याकाळी तो घरी आणून देईल, मध्ये येऊन त्याच्या डोक्यावर बसायचं नाही. मीही माझी यादी दिली. बिलावर तारीख, किलोमीटर, ऑइलची जात आणि फिल्टरचा नंबर हवा, शिवाय काढलेला जुना फिल्टर आणि नव्याचं रिकामं खोकं मला परत हवं. उद्या कोणी विचारलंच तर पुरावा तोंडावर फेकता यावा, एवढाच हेतू होता.

दर सहा महिन्यांनी, असं पाच वेळा झालं. पाचही वेळा दादानं यादीबरहुकूम सगळं आणून दिलं, बिल तर टाइप केलेलं असायचं. मी जुने फिल्टर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून, वर चिठ्ठ्या चिकटवून माळ्यावर ठेवले. आणि चार माणसं जेवायला बसली की मी दादाचं कौतुक सुरू करायची, बघा, कंपनीच्या काचेच्या दुकानात होईल का असं काम. दादा मान खाली घालून जेवत राहायचा.

गेल्या मंगळवारी नवव्या घरासमोर गाडी मागे येईना. रिव्हर्स टाकला की नुसती गुरगुरायची, मग एकदम हिसका देऊन पुढेच सरकायची. एका गल्लीत, कोणाच्या तरी फाटकाला आडवी, गाडी बंद पडली. मी टॅक्सी करून पेटी लॅबला पोचवली, आणि गाडी ओढून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली गेली. संध्याकाळी घरी मोठ्या दिरांचा फोन आला. बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचते देव जाणे. म्हणाले, बाहेरचा हात लागला की असंच होतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गिअरबॉक्सचं सोडा, तो महाग असतो हे मलाही ठाऊक आहे, पण ते कसंही निभावलं असतं. दादाच्या हातामुळे गाडी गेली असं उद्या कोणी म्हणालं, आणि ते कागदावर आलं, तर ते मला चालणार नव्हतं. चाळीस वर्षं त्या माणसानं फक्त नाव कमावलंय, दुसरं काही कमावलेलं नाही. ते मी जाऊ देणार नव्हते.

दादाला फोन करून मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, मीच जातो, तू कामावर जा. मी म्हटलं, तू कशाला त्यांचं ऐकून घेतोस, मी आहे ना. तर म्हणाला, मग फाइल नेऊ नकोस. बिलं नेऊ नकोस, फिल्टर नेऊ नकोस. ते जे म्हणतील त्याला हो म्हण आणि सही करून ये. मी चाटच पडले. ज्या दिवसासाठी मी दोन वर्षं माळ्यावर काळे फिल्टर सांभाळले, नेमक्या त्याच दिवशी हा म्हणतो नेऊ नकोस. मला वाटलं घाबरलाय. मी फाइल घेतली, पाचही पिशव्या एका मोठ्या पिशवीत घातल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा फेरा आटोपून थेट तिकडे गेले.

सर्व्हिस सेंटर म्हणजे फरशी इतकी चकचकीत की चपला काढून जावं असं वाटतं. एका बाजूला अख्खी काचेची भिंत, पलीकडे लिफ्टवर चढलेल्या गाड्या, अलीकडे कोच आणि कॉफीचं यंत्र. काउंटरवरच्या मुलीनं गाडीचा नंबर विचारला, कॉम्प्युटरवर बघितलं आणि हसून म्हणाली की काळजी करू नका, गिअरबॉक्समधला भागच मुळात सदोष निघालाय, सगळं वॉरंटीत होईल, सहा दिवस लागतील, इथे सही करा.

मी भांडायला म्हणून घेतलेला श्वास तसाच छातीत राहिला. पण एवढ्या सहज कोणी हो म्हणालं की मला आधी संशय येतो. मी म्हटलं, आणि सर्व्हिसिंगचं काय, त्याची बिलं नाही बघायची? तर ती म्हणाली, त्याची गरज नाही, पाचही सर्व्हिसिंग वेळेवर इथेच झालीत.

मी म्हटलं, कुठे?

ती म्हणाली, इथेच.

मी तिला समजावलं, की बाळ, तुझं काहीतरी चुकतंय, ही गाडी या फाटकातून कालपर्यंत कधी आत आलेली नाही. तिनं पुन्हा बघितलं आणि तारखा वाचून दाखवल्या. मी फाइल उघडली. तारखा त्याच होत्या. किलोमीटरही तेच होते, शेवटच्या आकड्यापर्यंत. माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला, म्हणजे मला तसं वाटलं. माझ्या भावानं काम करायचं आणि यांनी आपल्या खात्यावर लावायचं. गाडीतल्या त्या चिपमधून आकडे येत असणार आणि हे लोक बसल्या जागी खोट्या नोंदी करून वर कंपनीकडे शाबासकी मागत असणार. माझा पारा चढला. मी साहेबांना बोलवा म्हटलं.

साहेब आले. शांत माणूस, चष्मा कपाळावर. मी त्यांच्यासमोर चौतिसावं पान उघडून ठेवलं, पाच बिलं मांडली आणि पाच फिल्टर ओळीनं त्या पांढऱ्या काउंटरवर ठेवले. म्हटलं, माझ्या भावाची मेहनत तुम्ही तुमच्या नावावर कशी खपवता? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, की मॅडम, नोंदी तुमच्या बाजूनं आहेत, काम फुकट होतंय, तर तक्रार नेमकी काय आहे? तक्रार होती हे नक्की. म्हणून मी आवाज चढवला.

त्यांनी एक बिल उचलून आपल्या कागदाशेजारी धरलं, चष्मा खाली घेतला आणि गोंधळून माझ्याकडे बघितलं. फिल्टरचा नंबर तोच होता, आणि डब्यांवर छापतात तो ऑइलच्या खेपेचा आकडासुद्धा तोच. ते म्हणाले, “एक गाडी एकाच दिवशी दोन लिफ्टवर चढत नाही, मॅडम. दोन्हींतलं एक खोटं आहे. आमचं खोटं म्हणत असाल तर लिहून द्या. मला चौकशी लावावी लागेल, आणि मग तुमच्या भावाच्या कामाचीही तपासणी होईल.”

मी म्हटलं होऊ दे. कागद मागितला आणि लिहायला घेतलं, की वरील पाचही वेळा माझी गाडी माझे बंधू यांच्या गॅरेजमध्ये होती. एवढं लिहून झालं तेवढ्यात ग्रीसनं माखलेला एक मिस्त्री चाव्या द्यायला काउंटरवर आला. त्याची नजर पिशव्यांवर गेली. तो म्हणाला, “अरे, हे तर फिल्टरवाल्या काकांचे. काका नाही आले आज?”

मी विचारलं कोण काका. तो मोकळेपणानं सांगत सुटला. एक काका दर वेळी ही गाडी घेऊन यायचे आणि जुना फिल्टर, रिकामं खोकं मागून न्यायचे. इथे कोणी कचरा मागत नाही, म्हणून सगळ्यांच्या लक्षात राहिले. बाकीचे लोक गाडी टाकून कामाला जातात, पण काका सकाळपासून गाडी बाहेर येईपर्यंत त्या काचेपाशी उभे असायचे. खुर्ची दिली तरी बसायचे नाहीत.

साहेबांनी गाडी घेताना सही घेतात ती जॉब कार्डं काढून दिली. पाचही कार्डांवर खाली सही होती. मी आधी ओळखलीच नाही. दादाची सही टपोरी, शाळेतल्या मुलासारखी, आणि ही ओळीवरून घसरलेली, अक्षरं एकमेकांवर चढलेली. पण आडनावाखाली तो मारतो तशी रेघ होती.

मी लिहिलेला कागद चुरगळून पर्समध्ये कोंबला आणि फिल्टर गोळा करायला लागले. साहेबांना एवढंच म्हणाले की माझी चूक झाली, तुमच्या नोंदी बरोबर आहेत. हे वाक्य मी आयुष्यात कितीदा उच्चारलंय ते आमच्या यांना विचारा. साहेबांनी भावाची बिलं माझ्याकडे सरकवली आणि अगदी हळू आवाजात सांगितलं की ही घरीच ठेवा. मी सही केली आणि बाहेर पडले.

दादाच्या गॅरेजपर्यंत चालत वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत मी त्याला दहा वेळा मनातल्या मनात फैलावर घेतलं. खोटी बिलं बनवलीस, मला चार लोकांत तोंडघशी पाडलंस, दोन वर्षं माझ्याकडून कौतुक ऐकून घेतलंस. पण मध्येच वाटायचं, गाडी तर नीट ठेवली, वॉरंटी सांभाळली, माझी प्रत्येक अट पाळली. मग नक्की कशासाठी भांडायचं? राग होता तो ठेवायला जागा सापडेना.

गॅरेजमध्ये एकच जुनी गाडी होती, तीही चाकं काढलेली. भिंतीला बॅटऱ्यांची रांग होती. शेवटचं इंजिन उघडलेलं मी तिथे कधी पाहिलं होतं ते आठवेना. दादा फडक्यानं पाना पुसत होता. माझ्या हातातली पिशवी बघून तो काय समजायचं ते समजला.

“झालं काम?” त्यानं विचारलं.

मी म्हटलं, झालं, आणि पिशवी टेबलावर आपटली. मग माझा बांध फुटला. मी म्हटलं, पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, बाहेर सर्व्हिसिंग चालतं, मी तुला वाचून दाखवलं होतं, तरी तू चोरासारखा तिकडे का गेलास? तुला माझ्यावर विश्वास नव्हता का?

तो म्हणाला, “पान मीही वाचलं होतं, छोटे. शेवटच्या ओळीपर्यंत.”

पन्नाशी आली तरी त्याच्यासाठी मी छोटीच. मी म्हटलं, शेवटची ओळ चुकीबद्दल आहे, आणि तुझ्या हातून कुठली चूक व्हायला बसलीय?

दादा पाना पुसतच राहिला. मग त्यानं सांगितलं. माझी गाडी यायच्या महिनाभर आधी एका टॅक्सीवाल्याच्या गाडीचं ऑइल बदलताना त्यानं खालचा बोल्ट आवळला आणि आटे गेले. गेले ते त्याला कळलंच नाही. गाडी निघून गेल्यावर जमिनीवर ऑइलची धार दिसली तेव्हा कळलं. उजव्या हाताच्या बोटांवर कोणी हातमोजा चढवल्यासारखं वाटायचं. आधी दोन बोटं, मग चार. टॅक्सीवाल्याचं त्यानं भरून दिलं आणि तेव्हापासून इंजिनाला हात लावणं सोडलं. बॅटऱ्या, पंक्चर, वायपर, एवढंच तो करत होता. लोकांना सांगायचा, वेळ नाही. लोक ऐकायचे आणि दुसरीकडे जायचे.

“मला सांगायचंस,” मी म्हटलं.

“तुला नाही म्हटलं असतं तर तू का म्हणून विचारलं असतंस. तू काय सोडणारी आहेस?” मग थोडा हसला. “चांगलं काम करतात गं ती पोरं. काचेतून दिसतं सगळं. आवळायला त्यांच्याकडे एक पाना आहे. पुरेसं झालं की टक्क वाजतो आणि ते थांबतात. हाताला काही कळायलाच नको.”

मी आठवड्याला ऐंशी-नव्वद हात धरते. शिरा चाचपते, कोणाचा हात थंड, कोणाचा सुजलेला, कोणाचा थरथरता, ते धरल्याबरोबर सांगते. आणि हा माणूस अडीच वर्षं माझ्यासमोर बसून जेवत होता. घास उचलताना तो बोटांकडे बघायचा, ते मला आता कुठे आठवलं. माझी मलाच इतकी लाज वाटली की सांगता येत नाही.

डॉक्टरला दाखवलंस का म्हणून विचारलं, तर म्हणाला की वयाचं आहे, आणि आता बरंच कमी झालंय. मी पर्समधून पेन काढलं, त्याला स्टुलावर बसवलं आणि डोळे मीट म्हटलं. आश्चर्य म्हणजे त्यानं मुकाट्यानं मिटले. मी त्याचा उजवा हात माझ्या मांडीवर घेतला. ग्रीस नव्हतं त्यावर, नखंसुद्धा स्वच्छ होती. मेकॅनिकचा हात इतका स्वच्छ मी कधी पाहिला नव्हता.

पेनाचं टोक मी त्याच्या अंगठ्यावर टेकवलं. कळतंय का विचारलं. म्हणाला, हो. तर्जनीवर टेकवलं, तेव्हाही हो म्हणाला. मधल्या बोटावर जरा दाबलं. हो.

मग मी पेन उचललं आणि हवेत तसंच धरून ठेवलं. हात सोडला, स्पर्शही केला नाही.

“आणि आता?”

“हो,” दादा म्हणाला. “कळतंय की.”

बाहेर रद्दीवाल्याचा टेम्पो मागे येत होता, त्याचा आवाज थांबल्यावर मी पेन पर्समध्ये ठेवलं. मग म्हटलं, “उद्या सकाळी सहाला पहिलं घर तुझं आहे. रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही, चहासुद्धा नाही. मी रक्त घेणार, आणि तिथून सरळ डॉक्टरकडे जायचं.”

त्यानं मान हलवली. डोळे मिटलेलेच होते.

“झालं का? उघडू?”

“थांब जरा,” मी म्हटलं, आणि पदरानं तोंड पुसायला लागले.